आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीचे गिअर पुन्हा पुन्हा का झिजतात: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबायचे

आधी लक्षणे. यातले एक जरी जाणवले तरी गाडी थांबवा, बॅटरीचा प्लग काढा आणि मगच पुढे वाचा. खरखरणारी गाडी 'एवढी बॅटरी संपवू या' म्हणून चालवली की एका स्परचे (मोठ्या प्लास्टिकच्या गिअरचे) काम पिनियनवर (मोटरच्या शाफ्टवरच्या लहान गिअरवर), मग बेअरिंगवर आणि शेवटी मोटरवर जाते.

• थ्रॉटल देताच खरखर, सोडला की शांत. पिनियन आणि स्पर एकमेकांपासून लांब सरकले आहेत किंवा स्परचे काही दाते गेले आहेत.

• हळू वेगातही चिरका, उंच पट्टीतला आवाज. मोटर नेहमीपेक्षा गरम, बॅटरी लवकर उतरते. मेश (पिनियन आणि स्परच्या दात्यांमधली जागा) घट्ट बसला आहे.

• मोटर मोकळी फिरते, गाडी हलत नाही. पिनियनचा ग्रब स्क्रू (डोके नसलेला बारीक स्क्रू) सुटला आहे, स्पर सोलला गेला आहे, स्लिपर (झटका घसरून झेलणारा क्लच) फार ढिला आहे किंवा चाकाच्या हेक्समागची (षट्कोनी बसणीमागची) पिन पडली आहे.

• गाडी हाताने ढकलली तरी ठराविक अंतराने टक् टक्.

• उडीवरून खाली येताना किंवा एकदम जोर दिल्यावर डिफच्या (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या) बाजूने कटकटकट. फोर-व्हील, म्हणजे चारही चाके ओढणाऱ्या गाडीत क्राउन गिअर (डिफचा मोठा गिअर) डिफच्या पिनियनवरून निसटतो आहे.

• गिअर कव्हर उघडल्यावर आत भुकटी. प्लास्टिकची असेल तर स्पर झिजतो आहे. बोटाला काळी, चकाकणारी पूड लागली तर धातू झिजतो आहे आणि ते जास्त गंभीर आहे.

इथे बहुतेक जण नवा स्पर मागवतात. थोडे थांबा. स्पर प्लास्टिकचा असतो तो बाकीची यंत्रणा वाचावी म्हणून. बिघाड दुसरीकडे कुठेही असला तरी मार त्यालाच बसतो. कारण न शोधता बदललेला स्पर आधीच्यासारखाच जातो आणि जरा लवकरच जातो, कारण त्याच्या जोडीला आता झिजलेला जुना पिनियन असतो.

गोव्यात या दुखण्याला तीन गोष्टींची भर पडते: किनाऱ्यावरची वाळू, सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) तांबडी धूळ आणि हवेतला ओलावा. तिन्ही वेगवेगळ्या रीतीने दाते खातात, म्हणून प्रत्येक ज्या त्या तपासणीत येईल. क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चिक आणि कठीण कामाकडे जातो. मधली पायरी गाळू नका.

टकटक मोजा

याला फक्त खडू लागतो. मागच्या चाकावर एक खूण करा आणि स्परवर एक. बॅटरी काढलेली असू द्या. गाडी गुळगुळीत फरशीवर सरळ रेषेत सावकाश ढकला आणि चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा टक् होते ते मोजा.

उदाहरणाला ट्रॅक्सस स्लॅशचे ब्रश मोटरचे टू-व्हील (फक्त मागची दोन चाके ओढणारे) मॉडेल घेऊ. स्पर ८६ दात्यांचा, पिनियन १९ चा, गिअरबॉक्सचे आतले प्रमाण २.७२. म्हणजे चाकाचा एक फेरा होतो तेवढ्यात स्पर जवळजवळ पावणेतीन फेरे घेतो आणि पिनियन सव्वाबारा. एका फेऱ्याला एकच टक् आले तर दोष चाक, ॲक्सल, ड्राइव्हशाफ्ट किंवा डिफच्या मोठ्या गिअरमध्ये. तीनच्या आसपास आले तर स्परमध्ये किंवा स्पर ज्या शाफ्टवर बसतो त्या शाफ्टवर. बारा-तेरा, म्हणजे जवळजवळ सलग खडखड ऐकू आली तर पिनियन किंवा मोटरचा शाफ्ट. तुमच्या गाडीचे आकडे मॅन्युअलमध्ये असतात. नसले तर स्पर आणि पिनियनचे दाते मोजता येतात आणि आतले प्रमाण खडूच्या खुणांवरून काढता येते.

दोन्ही चाके जमिनीला टेकलेली हवीत. गाडी उचलून एकच चाक फिरवले तर डिफमुळे समोरचे चाक उलटे फिरते आणि मोजणी फसते. फोर-व्हील गाडीत मधला शाफ्ट काढून पुढचा आणि मागचा अर्धा भाग वेगवेगळा तपासा. कोणता अर्धा भाग आवाज करतो हे कळले की निम्मे काम झाले.

गिअर कव्हरच्या आत काय अडकले आहे

कव्हर काढा, कोरड्या ब्रशने साफ करा, स्पर हाताने पूर्ण एक फेरा फिरवा आणि प्रत्येक दात्याच्या खाचेत पाहा. तांदळाच्या कणीएवढा एखादा खडा खाचेत रुतलेला असतो. फेऱ्यागणिक तो पिनियनला धक्का देतो आणि आवाज अगदी तुटलेल्या दात्यासारखा येतो. सुई किंवा टोकदार चिमट्याने काढा. सड्यावर चालणाऱ्या गाड्यांत बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

कव्हरला मेश पाहण्यासाठी रबराचे बूच असते. ते हरवलेले असेल तर तेवढे भोक वाळू आत घ्यायला पुरेसे आहे. फोम टेपचा तुकडा चिकटवून तात्पुरते बंद करा.

उघड्या स्पर-पिनियनला ग्रीस कधीच लावू नका. कोरड्या दात्यांवरून वाळूचा कण उडून जातो, ग्रीसवर तो चिकटतो आणि प्रत्येक फेऱ्याला दाते घासतो. किनाऱ्यावरच्या वाळूत क्वार्ट्झ असते आणि साध्या पोलादावर ते ओरखडा काढते. आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण ती खरी आहे. हे कण मऊ प्लास्टिकमध्ये रुततात आणि तिथून धातू घासत राहतात. त्यामुळे स्पर धडधाकट आणि पोलादी पिनियन मात्र अणकुचीदार, असे उलटे चित्र किनाऱ्यावरच्या गाड्यांत नेहमी दिसते.

मिरामार, कोलवा, बाणावली अशा ठिकाणी ओल्या वाळूत चालवलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मोटर आणि ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) थेट धार नको. प्रेशर वॉशर तर मुळीच नको, तो बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत ढकलतो. मीठ हवेतले पाणी धरून ठेवते, म्हणून 'आपोआप वाळेल' हा हिशेब गोव्यात चालत नाही. पंक्चरवाल्याकडची हवा मारून घ्यायला हरकत नाही, मात्र नळी लांब धरा आणि बेअरिंगवर हवेचा झोत सोडू नका. धुतल्यावर डब्ल्यूडी-४० ने पाणी हटवणे ठीक, पण ते वंगण नव्हे. बेअरिंगला नंतर पातळ तेलाचा एकेक थेंब द्या.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांचे किनारे आहेत. साधारण नोव्हेंबर ते मार्च तिथे अंडी घालायला कासवे येतात. त्या वाळूत गाडी नेऊच नका.

स्क्रू: ग्रब आणि मोटरचे

एका ॲलन कीने होणारी ही तपासणी आहे आणि पुन्हा पुन्हा स्पर खाणाऱ्या गाडीत दोषी बहुधा इथेच सापडतो.

पिनियन बोटांत धरून शाफ्टवर मागे-पुढे आणि गोल हलवून पाहा. जराही हलला तर ग्रब स्क्रू ढिला आहे. ५४० आणि ५५० आकाराच्या मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमी असतो आणि पिनियनला एम३ ग्रब, म्हणजे १.५ मिमीची ॲलन की लागते. की चांगल्या प्रतीचीच वापरा. गाडीबरोबर फुकट आलेली मऊ की ग्रबचे षट्कोनी तोंड गोल करून टाकते आणि पाच मिनिटांच्या कामाला दुपार लागते.

ग्रब शाफ्टच्या सपाट बाजूवर बसला पाहिजे. गोल बाजूवर कितीही आवळला तरी उलट-सुलट झटक्यांनी सुटतो. पिनियन असा सरकवा की त्याचे दाते स्परच्या पूर्ण रुंदीवर येतील आणि पिनियन व मोटरच्या तोंडामध्ये साधारण १ मिमी फट राहील. अर्ध्याच रुंदीवर चालणारा पिनियन स्परवर पायरी पाडतो. ती एकदा पडली की स्पर बदलण्यावाचून इलाज नाही.

ग्रब काढून त्याचे आणि पिनियनचे आटे थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, निळ्या लॉकटाइट २४३ चा (आटे पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक छोटा थेंब लावा आणि आवळा. पूर्ण पकड यायला २४ तास लागतात. तेलकट आट्यांवर लॉकटाइटची पकड कमी पडते, म्हणून पुसण्याची पायरी टाळू नका. लाल लॉकटाइट वापरू नका, पुढच्या वेळी पिनियन निघणार नाही. आणि निळा असो वा लाल, प्लास्टिकला लागू देऊ नका. काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

आता मोटरचे दोन एम३ स्क्रू. त्यांच्याखाली वॉशर आहेत का? वॉशर नसेल तर स्क्रूचे डोके मोटर माउंटच्या लांबट खाचेत रुतते. आवळल्यासारखे वाटते, पण दोन-चार उड्यांत मोटर सरकते. मेश नीट लावूनही दर आठवड्याला बिघडत असेल तर पहिला संशय इथे घ्या.

मेश: कागदाची पट्टी

मेश म्हणजे पिनियन आणि स्पर यांच्या दात्यांमधली जागा. फार कमी असली तर दाते एकमेकांच्या तळाला घासतात, मोटर गरम होते आणि मोटरच्या बेअरिंगवर आडवा दाब येतो. फार जास्त असली तर दाते फक्त टोकाला टेकतात, सगळा जोर त्या टोकावर येतो आणि दाते सोलले जातात.

वहीच्या साध्या कागदाची, पिनियनच्या रुंदीएवढी रुंद अशी लांब पट्टी कापा. अशा कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते आणि ४८ पिचच्या (पिच म्हणजे दात्यांच्या आकाराचे इंची माप) गिअरला तेवढीच जागा लागते. मोटरचे स्क्रू सैल करा, पट्टी दोन्ही गिअरांच्या मध्ये घाला, मोटर स्परकडे ढकलून धरा, स्क्रू आवळा आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर स्पष्ट वळ्या दिसाव्यात, कागद फाटलेला नसावा. फाटला तर घट्ट, वळ्या पुसट तर ढिला. स्क्रू आवळताना मोटर किंचित फिरते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा तपासा. मोड १ च्या (मोड म्हणजे दात्यांच्या आकाराचे मिमीतले माप) मोठ्या दात्यांना थोडा जास्त खेळ चालतो.

नंतर पिनियन पकडून स्पर बोटाने पुढे-मागे हलवा. बारीकसा टिकटिक खेळ जाणवला पाहिजे. हीच चाचणी स्परच्या चार-पाच जागी करा. मोल्डिंगचा स्पर पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू नेहमी जरा वर असते. मेश त्या सर्वांत घट्ट जागेवर लावायचा. ढिल्या जागेवर लावला तर घट्ट जागा दर फेऱ्याला मोटरचा शाफ्ट ढकलत राहते.

आता गोव्यातली खास अडचण. नायलॉन हवेतला ओलावा पितो आणि फुगतो. मोल्डमधून निघालेले कोरडे नायलॉन ६६ साधारण मध्यम दमट हवेत मुरले की लांबीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढते, त्याहून दमट हवेत आणखी. ८६ दात्यांच्या ४८ पिच स्परची त्रिज्या सुमारे २२.८ मिमी. तिचा अर्धा टक्का म्हणजे ०.११ मिमी. कागदाने जेवढी जागा ठेवली तेवढी सगळी संपली. काचतंतू मिसळलेले नायलॉन कमी फुगते आणि डेलरिन (दुसरे कडक प्लास्टिक) त्याहून खूपच कमी. म्हणून बंद पाकिटातून काढलेला नायलॉनचा स्पर बसवला तर दोन-तीन आठवड्यांनी मेश पुन्हा बघा, आणि मे महिन्यात लावलेला मेश जूनच्या पहिल्या पावसानंतर न चुकता तपासा. 'उन्हाळ्यात छान चालत होती, पावसाळ्यात मोटर तापायला लागली' या तक्रारीत चिखलाबरोबर हेही कारण असते. पर्याय मिळत असेल तर किनारपट्टीत डेलरिनचा स्पर घ्या. थोडा महाग पडला तरी मेश जागेवर राहतो.

दाते वाचा

स्पर आणि पिनियन दोन्ही बाहेर काढा, ब्रशने पुसा आणि उजेडात भिंगाखाली धरा. झिजेची जागा कारण सांगते.

फक्त दात्यांची टोके चकचकीत किंवा गोल झाली असतील तर मेश ढिला होता. खाचेच्या तळाला रेघ उमटली असेल तर घट्ट होता. दात्याची एक कड जास्त झिजली असेल तर मोटर तिरकी बसली आहे, माउंट वाकला आहे किंवा बेअरिंग गेले आहे. सलग तीन-चार दातेच वितळलेले किंवा उपटलेले आणि बाकी सगळे चांगले असतील तर चाक अडकलेले असताना थ्रॉटल दिला गेला: उडीवरून पूर्ण थ्रॉटलमध्ये टेकणे, दगडात चाक अडकणे किंवा दोरा-गवत ॲक्सलला गुंडाळले जाणे. सगळे दाते सारखेच बारीक होऊन एका बाजूला झुकलेले असतील तर कारण वाळू किंवा धूळ. पूर्ण स्पर मऊ पडून दाते ओघळल्यासारखे दिसत असतील तर उष्णता.

पिनियन वेगळा तपासा, कारण तोच पुढचा स्पर खाणार असतो. चांगल्या पिनियनच्या दात्याच्या टोकाला लहानशी सपाटी असते. ती नाहीशी होऊन टोक सुईसारखे झाले किंवा नख दात्याच्या कडेवर अडकू लागले की पिनियन टाकून द्या. झिजलेल्या पिनियनवर नवा स्पर बसवणे म्हणजे स्परचे पैसे वाया घालवणे. ॲल्युमिनियमचे पिनियन हलके असतात, पण वाळूत टिकत नाहीत. कडक केलेल्या पोलादाचाच घ्या.

बदलताना पिच जुळते का ते पाहा. चुकीच्या पिचची जोडी दोन बॅटऱ्यांत संपते. व्हर्निअरने गिअरचा बाहेरचा व्यास मिमीमध्ये मोजा आणि त्याला दात्यांच्या संख्येत २ मिळवून भागा. येणारा आकडा म्हणजे मोड. ८६ दात्यांचा स्पर ४६.६ मिमी भरला तर ४६.६ भागिले ८८, म्हणजे ०.५३, आणि तेच ४८ पिच. ३२ पिच म्हणजे ०.७९४ मोड, म्हणून तो मोड ०.८ बरोबर चालून जातो. पण ४८ पिच आणि मोड ०.५ डोळ्यांना सारखेच दिसतात आणि त्यांच्यात साडेपाच टक्क्यांहून जास्त फरक असतो. मोड ०.६ तर आणखी लांब. ऑनलाइन मागवताना 'अमुक गाडीला बसेल' या ओळीवर विसंबू नका, पिच आणि भोकाचा आकार विचारा. ३.१७ मिमीच्या शाफ्टला ५ मिमी भोकाचा पिनियन बसणार नाही.

उष्णतेच्या खुणा दिसल्या तर दोष गिअरिंगचा असतो. मोठा पिनियन वेग देतो, पण मोटर जास्त करंट ओढते. सैल वाळूत, चिखलात किंवा कापणीनंतरच्या शेतातल्या खुंटांमध्ये पिनियनचे एक-दोन दाते कमी करा. पाच मिनिटे चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर मोजा. ७० अंश सेल्सिअसपर्यंत ठीक, ८० च्या पुढे गेली तर थांबा आणि पिनियन आणखी लहान करा. एका वेळी एकच दाता बदला, प्रत्येक बदलानंतर मेश नव्याने लावा.

स्लिपर

उडीवरून टेकताना बसणारा झटका स्लिपरने घसरून झेलायचा असतो. पूर्ण आवळलेला स्लिपर घसरत नाही, मग झटका दात्यांवर जातो. फार ढिला असला तर सतत घसरून तापतो आणि त्या उष्णतेने मधोमध स्पर मऊ होतो. म्हणजे दोन्ही टोकांना स्परचेच नुकसान.

स्लॅशसारख्या गाडीत नट स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळा आणि तिथून अर्धा फेरा सोडा. दुसऱ्या गाडीत मॅन्युअलचा आकडा घ्या. मग पकड असलेल्या जमिनीवर उभ्या गाडीला पूर्ण थ्रॉटल द्या: पहिल्या ३० ते ६० सेंटिमीटरमध्ये स्लिपर घसरल्याचा आवाज यावा आणि नंतर बंद व्हावा. नट वारंवार आवळावा लागत असेल तर पॅड संपले आहेत. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) सहज बोटांनी फिरत असेल तर तो बदला. स्लिपर नसलेल्या स्वस्त गाड्यांत उपाय चालवणाऱ्याच्या हातात आहे: हवेत असताना थ्रॉटल सोडा.

बेअरिंग

मेश लावला, स्क्रू पक्के, दोन्ही गिअर नवे आणि तरीही झीज एकाच कडेला: आता बेअरिंगकडे वळा. स्परची कड धरून आत-बाहेर डोलवा. शाफ्टला खेळ जाणवला तर मेश उभ्या गाडीत बरोबर असतो आणि जोर पडताच उघडतो. कागदाची पट्टी हा दोष दाखवू शकत नाही, म्हणून तो निसटतो.

बेअरिंग काढून बोटावर फिरवा. खरखर, अडकणे किंवा गंजाची तांबूस कड दिसली तर बदला. धुऊन पुन्हा वापरण्याइतके ते महाग नाही. ५×११×४ मिमी हा आकार बऱ्याच एक-दशांश मापाच्या गाड्यांत असतो आणि त्याला एमआर११५ म्हणतात. मापे घेऊन म्हापसा किंवा मडगावच्या बेअरिंगच्या दुकानात विचारून पाहा, नाहीतर ऑनलाइन मागवा. घेताना रबर सीलचे, म्हणजे टूआरएस घ्या. धातूच्या झाकणाच्या झेडझेड प्रकारात बारीक फट असते आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागातली खाणीची पीठासारखी धूळ तिच्यातून आत जाते.

गिअरबॉक्स आणि डिफ

एवढे सगळे नीट असूनही टकटक चाकाच्या एका फेऱ्याला एकदा येत असेल तर खोके उघडावे लागेल. उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि स्क्रू काढलेल्या क्रमाने चुंबकी ताटलीत ठेवा. लांबीने वेगळे स्क्रू अदलाबदल झाले तर लांब स्क्रू आतल्या गिअरमध्ये घुसतो.

टू-व्हील गाडीत मधला आयडलर (जोर पुढे पोचवणारा जोड गिअर) आणि डिफचा मोठा गिअर पाहा. दाते टोकदार नसतील तर जुने ग्रीस पुसून पातळ थर नवे लिथियम ग्रीस लावा. इथे ग्रीस चालते कारण खोके बंद आहे. दोन्ही अर्धे जोडण्याआधी कडांवर वाळूचा कणही राहू देऊ नका.

फोर-व्हील गाडीत डिफचा पिनियन आणि क्राउन गिअर यांच्यातली जागा शिमने (पातळ चकतीने) जुळवतात. कारखान्यातून ती बऱ्याचदा ढिली येते. क्राउन गिअरच्या सपाट पाठीकडच्या बेअरिंगमागे ०.१ मिमीची शिम घाला, त्याने क्राउन पिनियनकडे सरकतो. खोके बंद करून पिनियन बोटाने पूर्ण फिरवा. कुठेही जड जागा नको आणि थोडासा खेळ हवा. अजून ढिले असेल तर आणखी ०.१. जड जागा आली तर लगेच एक शिम काढा. जास्त घट्ट क्राउन आवाज न करता तापतो आणि लवकर संपतो. क्राउन आणि पिनियनला बाहेरून जाडसर ग्रीस, डिफच्या बंद डबीत मात्र मॅन्युअलने सांगितलेले सिलिकॉन तेल. हे दोन उलटसुलट करू नका. डबीत ग्रीस भरल्यावर डिफ नीट काम करत नाही आणि उघड्या क्राउनवर सिलिकॉन तेल टिकत नाही. क्राउनचा एकही दाता तुटलेला असेल तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदला.

इथे थांबा

पुढच्या बिघाडांत सांगितलेल्या मर्यादेपलीकडे घरी काही करू नका.

ग्रबचे तोंड गोल झाले असेल तर १/१६ इंची ॲलन की, म्हणजे १.५९ मिमी, हलक्या हाताने ठोकून बसवून पाहा. त्याआधी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक अर्धा मिनिट ग्रबवर धरा, लॉकटाइट मऊ होतो. एवढ्याने निघाला नाही तर लेथवाल्याकडे किंवा आरसी दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. ड्रिलने खोदत बसलात तर शाफ्ट जाईल. पक्कडीने ओढलात तर मोटरचे बेअरिंग जाईल.

मोटरच्या शाफ्टला सपाट बाजू नसेल आणि ती घासायची असेल, किंवा शाफ्ट फिरताना डुलत असेल, तर मोटर लेथवाल्याकडे किंवा आरसी दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. घासताना निघालेला लोखंडी चुरा मोटरमधले चुंबक आत ओढतात. काम देतानाही मोटरची सगळी भोके टेपने बंद करून द्या.

गिअरबॉक्समधली बेअरिंगची खोबण लांबट झाली असेल किंवा खोक्याला तडा गेला असेल तर गोंद, एम-सील, टेप यांपैकी काहीच टिकणार नाही. नवे खोके घ्या. माउंट वाकला असेल तर सरळ करण्यापेक्षा बदला.

ईएससीमधून जळका वास येतो, मोटर हाताने फिरवताना अडकते किंवा बॅटरी फुगली आहे: दुरुस्ती थांबवा. फुगलेली लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, घरातल्या कचऱ्यात टाकू नका. ती घरापासून दूर, जळणार नाही अशा डब्यात ठेवून बॅटरी हाताळणाऱ्या जाणकाराला विचारा.

आणि सगळ्या तपासण्या क्रमाने करूनही दुसरा नवा स्पर तसाच गेला, तर तिसरा मागवू नका. गाडी जाणकाराकडे न्या आणि बरोबर जुने दोन्ही स्पर आणि पिनियन द्या, पुसून नको, झिजेच्या खुणांसकट. स्परचे आणि पिनियनचे दाते, मोटरचा आकार, बॅटरी किती सेलची, गाडी वाळूत चालते की सड्यावर, टकटक चाकाच्या फेऱ्याला किती, हे एका चिठ्ठीवर लिहून द्या. दुरुस्त होऊन आल्यावर पहिली दोन मिनिटे अर्ध्या थ्रॉटलने चालवा, थांबून मोटर तपासा, कागदाची पट्टी पुन्हा एकदा घाला आणि पूर्ण बॅटरी झाल्यावर मोटरचे दोन्ही स्क्रू हाताने चाचपून पाहा.